जुना ट्रक लांबच्या फेरीसाठी कसा तयार करावा: नव्या गाडीमालकांसाठी

नाशिक जिल्ह्यातून कांदा भरून कोलकात्याला निघालेली गाडी धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर असे करत साधारण १,८०० किलोमीटरांचा पल्ला तोडते. ज्यांनी नुकतीच दहा-अकरा वर्षांची जुनी गाडी विकत घेतली आहे आणि आजवर ती लासलगाव, पिंपळगाव आणि वाशी एवढ्याच टापूत चालवली आहे, त्यांना पहिल्या लांबच्या फेरीआधी नेमके काय करावे, हे नीट बसून सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून २०१५ च्या आसपासचा, सहाचाकी, ६९७ इंजिनाचा, बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाचा टाटा १६१३ ट्रक समोर ठेवला आहे. पण गाडी दुसऱ्या कंपनीची असली तरी कामांचा क्रम बदलत नाही.

लांबचा रस्ता जुन्या गाडीत नवा बिघाड सहसा निर्माण करत नाही, तर आधीपासून असलेला बिघाड उघडा पाडतो. रोज तांब्याभर पाणी कमी होणारा रेडिएटर जवळच्या फेऱ्यांत खपून जातो, कारण संध्याकाळी गाडी घरी येते आणि सकाळी पाणी भरले जाते. तोच रेडिएटर मे महिन्यात अकोल्याच्या पुढे, पूर्ण भरलेल्या गाडीत, सलग पाच तास चालला की इंजिन तापवतो. म्हणून तयारी करायची ती गळती बंद करण्याची, जुने रबर बदलण्याची आणि चाकांच्या हबमध्ये, म्हणजे बेअरिंग असलेल्या मधल्या भागात, उष्णता वाढू न देण्याची. इंजिन उघडून नवे करण्याचा मोह फेरीच्या तोंडावर टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नवीन रिंगा आणि बेअरिंगे बसवलेले इंजिन आधी काही काळ हलक्या भाराने चालवावे लागते. ते काम करायचेच असेल तर करावे, पण कोलकात्याचे भाडे त्यानंतर किमान महिनाभराने घ्यावे.

तयारीला निघण्याच्या पंधरा दिवस आधी सुरुवात करावी.

कागदपत्रांपासून सुरुवात

गाडीखाली शिरण्याआधी कागद तपासावेत, कारण पाना घेऊन दुरुस्त न होणारी अडचण इथेच सापडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दोन एक्सलच्या मालगाडीला राष्ट्रीय परवाना तिचे वय १२ वर्षे होईपर्यंतच मिळतो आणि बहुएक्सल गाडीला १५ वर्षांपर्यंत. गाडी घेताना ही तारीख पाहिली नसेल तर आता पाहावी. आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, दरवर्षी करावे लागते, आणि बीएस-३ गाडीचे पीयूसी सहा महिन्यांनी संपते. परतीचा माल कुठला मिळेल हे ठाऊक नसल्याने, निघण्याच्या दिवसापासून किमान दीड महिना तरी प्रत्येक कागदाची मुदत शिल्लक असावी. आरसी, विमा, पासिंग, परवाना, कर भरल्याची पावती आणि चालकाचे लायसन्स डिजिलॉकरमध्ये असले तरी चालते; तरीही एक छापील संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीत ठेवावा.

आणखी एक गोष्ट नव्या मालकाला महागात पडू शकते. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद आहे. कोलकात्याहून परतताना दिल्लीचे चांगले भाडे पुढे आले तरी बीएस-३ गाडीने ते घेऊ नये.

इंजिन: आधी पाहावे, मग हात लावावा

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, सेल्फ मारण्याआधी, गाडीखाली पुठ्ठा किंवा जुनी गोणी अंथरलेली असावी. ती रात्रीच टाकून ठेवावी. सकाळी तिच्यावर पडलेले डाग बघितले की ऑइल, डिझेल आणि पाणी यांपैकी काय, कुठून आणि किती गळते, हे मिस्त्रीला विचारावे लागत नाही. मग डिपस्टिक काढावी. ऑइल काळे असणे डिझेल इंजिनात स्वाभाविक आहे, मात्र ते दुधाळ दिसले तर पाणी ऑइलमध्ये जात आहे, आणि पातळी आपोआप वाढलेली असून ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल आत उतरत आहे. यांपैकी काहीही आढळले तर फेरी पुढे ढकलावी.

इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावे आणि मंद चालीवर ऑइल भरण्याचे झाकण काढून बघावे. तोंडातून थोडी वाफ येणे चालते; पण धूर ठोके दिल्यासारखा जोराने बाहेर पडत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. अशी गाडी लगेच बंद पडेल असे नाही, परंतु ती ऑइल किती खाते याचा हिशेब आधी मांडायला हवा. भरलेल्या गाडीच्या दोन-तीन जवळच्या फेऱ्यांत किलोमीटर आणि टाकलेले ऑइल लिहून ठेवले की १,८०० किलोमीटरांना किती लागेल हे कळते.

धुराचा रंगही पाहावा. भार घेताना काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर बदलावा, आणि तरीही येत राहिला तर नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, काढून पंपवाल्याकडे दाब व फवारा तपासून घ्यावेत. गरम इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाणी. निळसर धूर म्हणजे ऑइल. टर्बोच्या हवेच्या पाइपात ऑइल साचले आहे का आणि त्याचा शाफ्ट बोटांनी हलवल्यास बाजूला खेळतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. पिकअप वाढावा म्हणून पंप ‘वाढवून’ देतो असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. वाढवलेल्या डिझेलने सपाटीवर गाडी जोरात पळते, पण घाटात पूर्ण भारावर तेच जास्तीचे डिझेल पिस्टन आणि टर्बोला सोसवणार नाही इतकी उष्णता निर्माण करते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून घ्यावेत आणि ऑइल, ऑइल फिल्टर व डिझेल फिल्टर निघण्याच्या साधारण आठवडाभर आधी बदलावेत. आदल्या दिवशी बदलले की फिल्टरची सील नीट बसली आहे की नाही, हे रस्त्यातच कळते.

पाणी आणि रेडिएटर

जुन्या गाड्या ज्या कारणाने वाटेत उभ्या राहिलेल्या दिसतात, त्यांत तापणे हे फार मोठे कारण आहे, म्हणून या कामाला पूर्ण एक दिवस द्यावा.

कांदा वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरच्या पुढ्यात टॉर्च धरून बघितले तर पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांमध्ये कांद्याची सुकलेली टरफले, धूळ आणि किडे यांचा थर बसलेला दिसतो. समोरून तो फक्त मळकट वाटतो. इंजिनाच्या बाजूने प्रकाश टाकून समोरून पाहिले की किती भाग पूर्ण बंद आहे ते कळते. पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारावा, म्हणजे अडकलेला कचरा आला त्याच वाटेने परत जातो. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारल्यास पापुद्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आतील बाजूचा शत्रू म्हणजे क्षार. बऱ्याच जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेले असते आणि त्याचा थर रेडिएटरच्या नळ्यांत व सिलिंडरच्या भोवती बसतो. कॅप काढल्यावर तोंडाशी पांढरट किंवा विटकरी खपली दिसली तर रेडिएटर उतरवून कारागिराकडून साफ करून घ्यावा. नंतर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट आणि स्वच्छ, क्षार नसलेले पाणी भरावे. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि गंजही रोखते, त्यामुळे वाटेत टाकीतले साधे पाणी भरत राहण्याऐवजी एक कॅन तयार मिश्रण सोबत ठेवावे.

होज पाइप हाताने दाबून बघावेत. चांगला पाइप दाबल्यावर परत फुगतो. जुना पाइप एक तर लाकडासारखा कडक लागतो, नाहीतर आतून विरघळल्यासारखा मऊ पडलेला असतो. क्लिपच्या शेजारी पाइपाला आलेला फुगवटा बोटाने जाणवतो, आणि तो फुटण्याची जागा तीच असते. हे पाइप बदलायला लागणारा खर्च, वाटेत हेड गॅस्केट जाण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे, म्हणून वरचा आणि खालचा असे दोन्ही पाइप क्लिपांसह नवेच घालावेत. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर खाली जावा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाण्याचा ओघळ आलेला असेल तर पंपाची सील गेली आहे.

इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणाऱ्या थर्मोस्टॅटबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. काढल्यावर इंजिन नेहमी थंड चालते, त्याने सिलिंडर जास्त झिजतात आणि डिझेलही जास्त लागते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटर टाळून जाणारी वाट तो बंद करतो. तो नसेल तर काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहते, आणि नेमक्या घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो की नाही हे पाहता येते. रेडिएटरची कॅपही नवी घ्यावी. तिची स्प्रिंग ढिली असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते.

डिझेलची वाट आणि गाडीने एअर घेणे

टाकीच्या तळाचा नट काढून गाळ आणि पाणी काढून टाकावे. ही टाकी आधीच्या मालकाने कधी धुतली असेल याची खात्री नसते, आणि ओडिशात खराब रस्त्यावर गाडी हादरायला लागली की तळाचा गाळ उठून फिल्टरमध्ये येतो. कापडी आणि कागदी असे दोन्ही फिल्टर बदलावेत आणि त्यांची एक जोडी सोबत ठेवावी. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी मात्र बारकाईने तपासावी, कारण तिथे डिझेल ओढले जाते. त्या बाजूला चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. गळती दिसत नाही, आणि तरीही गाडी चढावर अडखळते किंवा रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू होत नाही, तेव्हा संशय या नळीवर आणि तिच्या जोडांवरील तांब्याच्या वॉशरवर घ्यावा.

यांत्रिक पंपाच्या गाडीतली एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, काढणे प्रत्येक नव्या मालकाने घरीच, मिस्त्रीच्या देखरेखीखाली, स्वतःच्या हाताने करून शिकावे. प्रथम टाकीत पुरेसे डिझेल आहे याची खात्री करावी. फिल्टरच्या माथ्यावरील एअर काढण्याचा स्क्रू थोडा सैल करावा आणि फीड पंपावरील हातपंप दाबत राहावा. सुरुवातीला फेसाळ डिझेल फुरफुरत बाहेर येते. बुडबुडे थांबून एकसंध धार आली की हातपंप दाबत असतानाच स्क्रू आवळावा. मग हेच पंपाच्या बाजूच्या स्क्रूवर करावे. एवढ्याने इंजिन लागले नाही तर नोझलकडे जाणाऱ्या दोन-तीन पाइपांचे नट नोझलच्या टोकाला सैल करून सेल्फ मारावा, डिझेल बाहेर उसळू लागले की एकेक नट आवळावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. नोझलच्या पाइपातून उडणाऱ्या बारीक धारेसमोर हात धरू नये. तिचा दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत शिरते, आणि अशी जखम वरून बारीक दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते.

या गाडीत पंप आणि नोझल यांत्रिक आहेत, यूरिया टाकण्याची भानगड नाही आणि सेन्सर बिघडला म्हणून ती वाटेत अडून बसत नाही. बीएस-३ गाडीचा हा खरा फायदा आहे, आणि तो घ्यायचा तर मालकाला किंवा चालकाला वरचे काम आले पाहिजे.

ब्रेक आणि हब

इंजिन बंद पडले तर भाडे बुडते. ब्रेक गेला तर माणसे जातात. त्यामुळे या भागात पैसे वाचवण्याचा विचारही करू नये.

एअर टँकचे नळ उघडून पाणी सोडावे. पाण्याबरोबर बरेच ऑइल येत असेल तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि ते ऑइल पुढे जाऊन रबरी भाग खराब करते. त्यानंतर सपाट जागेवर चाकांना उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, लावून हँडब्रेक सोडावा, हवा पूर्ण भरू द्यावी, इंजिन बंद करावे आणि गेजचा काटा उतरतो का, हे दहा मिनिटे पाहावे. पुढच्या खेपेला एकाने ब्रेक पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने चाकाचाकाजवळ कान देऊन फुसफुस ऐकावी. जिथे शंका येईल तिथे साबणाचे पाणी लावावे. मागच्या चाकांच्या बूस्टरमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक चालवणाऱ्या डब्यात, हँडब्रेकची जबरदस्त ताणलेली स्प्रिंग बंद केलेली असते. तो बूस्टर घरी किंवा रस्त्याच्या कडेला कधीही उघडू नये. सुटलेली स्प्रिंग माणसाचा जीव घेते.

नंतर चारही हब उघडावेत. सगळे एकाच दिवशी नाही झाले तरी चालेल, पण एकही सोडू नये. जुने ग्रीस डिझेलने धुऊन बेअरिंग कोरडे करावे आणि उजेडात हळूहळू फिरवून एकेक रोलर पाहावा. निळसर झाक म्हणजे ते बेअरिंग कधीतरी तापले आहे. सुईच्या टोकाएवढे खड्डे म्हणजे त्याचे आयुष्य संपत आले आहे. दोन्ही स्थितींत कोन आणि बाहेरची वाटी अशी पूर्ण जोडी बदलावी, फक्त आतला भाग नव्हे. लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे ब्रेकचे अस्तर, रिव्हेटच्या डोक्यांजवळ आले असतील तर नवे लावावेत, आणि ड्रमवर खोल रेघा असतील तर तो टर्नरकडे न्यावा. लायनरवर ग्रीस किंवा ऑइलचा ओघळ दिसला तर लायनर पुसून परत लावण्यात अर्थ नाही, कारण झिरपलेले ऑइल गरम झाल्यावर पुन्हा वर येते. हब उघडला की ऑइल सील नवीच घालायची, हा नियम पाळावा. शेवटी दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे ॲडजस्ट करावेत, म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार नाही.

चाके परत बसवल्यावर नट आवळले तरी काम संपत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. नवीन माणसाने जोर लावण्याआधी ते पाहून घ्यावे.

टायर, पाटे आणि वायरिंग

पुढच्या दोन चाकांना रबर चढवलेले रीमोल्ड टायर लावू नयेत. तिथला टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर असली की चालते, पण १,८०० किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे असेल तर पुढच्या टायरांवर चार मिलिमीटर तरी नक्षी हवी. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. नक्षी भरपूर असूनही बाजूला बारीक भेगा पडलेला जुना टायर विदर्भाच्या उन्हात टिकत नाही. मागच्या जोडटायरांची उंची सारखी असावी. एक टायर नवा आणि शेजारचा झिजलेला असेल तर सगळा भार नव्यावर येतो आणि तोच आधी तापतो. आतल्या टायरची हवा तपासायला त्रास होतो म्हणून तो दुर्लक्षित राहतो, आणि हवा कमी झालेला आतला टायर बाहेरून दिसत नाही. त्याच्या व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घेतली की हे काम सोपे होते.

स्प्रिंगच्या पाट्यांत तुटलेला पाटा आहे का, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट घट्ट आहेत का, शॅकलचे बुश खेळतात का, हे बघून सगळ्या निपलांना ग्रीस मारावे. किंगपिन आणि टायरॉड एंड तपासण्यासाठी पुढचे चाक जॅकवर उचलून, खाली-वर आणि डावी-उजवीकडे धरून हलवावे. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या जॉइंट शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग यांत खेळ असेल तर ते आताच बदलावेत. गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचे हाऊसिंग यांच्या ऑइलची पातळी पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि तरीही ते राहून जाते.

वायरिंगमध्ये आधीच्या मालकाने लावलेले जास्तीचे दिवे, हॉर्न आणि टेप यांच्या वायरी शोधून काढाव्यात. फ्यूजशिवाय थेट बॅटरीवरून घेतलेली आणि चॅसिसच्या कडेवर घासणारी वायर आग लावते. दोन बॅटऱ्यांपैकी एकच खराब झाली असली तरी जोडी एकत्र बदलणे बरे, कारण जुनी बॅटरी नव्या बॅटरीलाही लवकर संपवते. इंजिन चालू असताना मीटरवर २८ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. टेललाइट, इंडिकेटर आणि परावर्तक पट्ट्या, म्हणजे पुढे पांढरी, बाजूंना पिवळी व मागे लाल, स्वच्छ असाव्यात. रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून गाडी आदळण्याचे अपघात वारंवार होतात, आणि पट्टीवरचा चिखल पुसायला एक फडके पुरते.

चाचणीची फेरी

ही पायरी कोणीही गाळू नये. सगळी कामे झाल्यावर, पण भाडे ठरवण्याआधी, गाडीत निम्म्याहून जास्त भार टाकून नाशिकहून चांदवडमार्गे राहुड घाट ओलांडावा आणि परत यावे. सुमारे दीडशे किलोमीटरांच्या या फेरीत चढ, उतार आणि सलग वेग हे तिन्ही मिळतात. वीस-पंचवीस किलोमीटरांनंतर, शक्यतो ब्रेक फारसा न मारता गाडी थांबवावी आणि प्रत्येक हबला हाताची मागची बाजू हळूच लावून बघावी. सगळे हब कोमट असतील तर ठीक. एखादा इतरांपेक्षा ठळकपणे गरम लागला तर तिथला ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. घाटाच्या माथ्यावर तापमानाचा काटा, इंजिनाखालचा भाग आणि होज पाइप पाहावेत. परत आल्यावर रात्री पुन्हा गोणी अंथरावी आणि सकाळचे डाग आधीच्या डागांशी ताडून पाहावेत. जे निघेल ते दुरुस्त करावे आणि दुरुस्ती मोठी असेल तर फेरी पुन्हा करावी.

सोबतची पेटी

सुट्या भागांची दुकाने नागपूर, रायपूर, संबलपूर या शहरांत मिळतात. अडचण दोन शहरांच्या मधल्या जंगलपट्टीत येते. म्हणून पेटीत हजारोंची यंत्रे न भरता, जी वस्तू नसल्यास गाडी जागची हलत नाही अशीच ठेवावी. फॅन बेल्ट, दोन्ही होज पाइप, वेगवेगळ्या मापांच्या क्लिपा, डिझेल फिल्टर, तांब्याचे वॉशर, एक नोझल पाइप, ब्रेकचा होज, पुढच्या चाकाचे एक बेअरिंग व सील, एक क्रॉस, पुढच्या बूस्टरचा डायफ्रॅम, ट्यूब व फ्लॅप, चार-सहा व्हील नट, बल्ब, फ्यूज, वायर, टेप, बाइंडिंग तार, एम-सील आणि ग्रीसगन एवढे पुरते. गाडीतून काढलेला जुना पण चालणारा बेल्ट फेकून न देता तोही ठेवावा. २० टनी जॅक, त्याखाली घालायला जाड लाकडी ठोकळा, व्हील पाना, टॉमी, दोन लाकडी उट्या, परावर्तक त्रिकोण, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी याखेरीज गाडी फाटकाबाहेर काढू नये. स्टेपनी गाडीवर आहे एवढे पुरत नाही. ती खाली उतरवून, हवा भरून, तिचा नट गंजलेला नाही हे बघितलेले असावे.

भरणी आणि रस्ता

आरसीवर लिहिलेले एकूण वजन हीच मर्यादा मानावी. अशा गाड्यांच्या आरसीवर ते बहुधा १६,२०० किलो असते. भरल्यावर वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यावी. जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. पण दंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे जुने ब्रेक, जुने पाटे आणि जुने टायर यांनी मागच्या मालकाच्या हाती काय काय सोसले आहे, ते आपल्याला माहीत नसते. कांद्याच्या गोण्यांमध्ये हवा खेळेल असे पाहावे, ताडपत्रीला भोक नसावे, आणि पहिल्या थांब्यावर दोर पुन्हा ताणावेत, कारण गोण्या बसल्यावर ते सैल पडतात.

जळगाव ते नागपूर हा टप्पा उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळनंतर पार करावा. दुपारी पारा ४३-४४ अंशांच्या वर जातो तेव्हा टायर, इंजिन आणि चालक या तिघांनाही सावली हवी असते. दर दोन-अडीच तासांनी थांबून टायरांवर नजर, हबला हात आणि गाडीखाली एक फेरी असा नेम ठेवावा. जोडटायरांमध्ये अडकलेला दगड याच वेळी काढावा. काटा वर चढू लागला तर खालचा गिअर घेऊन भार हलका करावा, बाजूला थांबावे आणि पाणी गेलेले नसेल तर इंजिन मंद चालीवर चालू ठेवून काटा उतरू द्यावा. गरम रेडिएटरची कॅप उघडू नये. लांब चालीनंतर इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवले की टर्बोचे बेअरिंग जळत नाही.

ओडिशात केओंझरजवळचा कांजीपानी घाट आणि पुढे बांग्रीपोसीजवळचा द्वारसुणी घाट हे या मार्गावरील सगळ्यात जपून उतरायचे तुकडे आहेत, आणि त्या भागात खाणींच्या गाड्यांची वर्दळ असते. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरावे, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी घ्यावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल मारणे म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणे. तापलेले लायनर धरत नाहीत आणि हवेचा दाब पूर्ण असूनही गाडी थांबत नाही. एक्झॉस्ट ब्रेक असल्यास तो चालतो की नाही हे चाचणीच्या फेरीतच पाहिलेले असावे. पावसाळ्यात हे दोन्ही घाट दिवसाउजेडी ओलांडावेत.

चालक एकच असेल तर त्याच्याकडून रात्रंदिवस गाडी चालवून घेऊ नये. कामगार कायदा दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घालतो. एवढ्या लांबच्या फेरीला दोन चालक ठेवणे हेच योग्य, आणि त्यांचा पगार भाडे ठरवतानाच हिशेबात धरावा.

कोलकात्यात गाडी रिकामी होत असतानाच परतीची तपासणी सुरू करावी. ऑइल, पाणी, बेल्ट, नट आणि हब हे सगळे नव्याने पाहावे, कारण जाताना वापरलेल्या सुट्या वस्तू आता पेटीत नाहीत. त्या तिथल्या बाजारातून भरून घ्याव्यात. ताज्या कांद्याला ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचे जीएसटीचे ऑनलाइन बिल, लागत नाही, पण परतीच्या मालाला बहुधा लागते. त्याची मुदत दर २०० किलोमीटरांना एक दिवस अशी असल्याने नाशिकपर्यंत साधारण नऊ दिवस मिळतात. वाटेत गाडी दुरुस्तीला थांबली आणि मुदत संपत आली तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घेता येते; हे काम माल पाठवणाऱ्याने करायचे की आपण, ते बिल्टी, म्हणजे वाहतुकीच्या मालाची पावती, हातात घेतानाच विचारून ठेवावे.